शेळीच्या तोंडाचं हरीण

"त्या शेळीला रोज अंघोळ घालता, त्यातलं एखादं फडकं कधी पंख्याकडेही वळू द्या," निरीक्षकीणबाई कपाटाच्या दाराआड पुटपुटल्या. पुटपुटल्या म्हणजे किती मोठ्यानं? तर कपाटापासून दीड हातावर बसलेल्या निरीक्षकांना शब्दन्‌शब्द ऐकू जावा, पण त्यावर भांडायची सोय राहू नये, इतपत. बत्तीस वर्षांच्या संसारात हा आवाज त्यांनी अगदी मापात बसवला होता.

"ती शेळी नाही. हरीण आहे. उडी मारणारं हरीण," निरीक्षक मान वर न करता म्हणाले.

"मारू दे की उडी. पंख्यावर मारली तर जळमटं तरी निघतील."

निरीक्षक म्हणजे वजनमाप खात्याचे निवृत्त निरीक्षक. तेहतीस वर्षं त्यांनी गावातल्या तमाम तराजूंच्या नाकात दम आणला होता. निवृत्त होऊन आठ महिने झाले तरी इमारतीत सगळे त्यांना निरीक्षकच म्हणत, आणि दूधवाला अजूनही त्यांच्या दारात माप काठोकाठ भरून वर दोन थेंब जास्त टाकी. घरात मात्र त्या हुद्द्याचा धाक कुणालाच नव्हता. घरात तपासण्यासारखं होतंच काय? साखरेचा डबा त्यांनी पहिल्याच आठवड्यात तपासला होता. त्यानंतर डब्याला कुलूप लागलं.

आणि ती शेळी, म्हणजे ते हरीण, म्हणजे त्यांच्या वडिलांच्या टोपीवरचा पितळी बिल्ला. वडील पलटणीत होते. वर उडी घेतलेलं हरीण, खाली वळणदार पट्टी, पट्टीवर पलटणीचं ब्रीद. वडील जाऊन वीस वर्षं झाली. मागे राहिली ती त्यांची टोपी आणि हा बिल्ला. टोपी कसरीनं खाल्ली. बिल्ला लाल फ्लॅनेलच्या तुकड्यात गुंडाळून चष्म्याच्या जुन्या डबीत ठेवलेला असे. आता खरं सांगायचं तर त्या हरणाचं तोंड शेळीकडेच झुकलेलं होतं. शिंगांमधली फट बुजलेली, डोळा म्हणजे नुसता एक फुगवटा. पण निरीक्षकांना कळायला लागल्यापासून त्यांनी दुसरं हरीण पाहिलंच नव्हतं. त्यांचं म्हणणं, लढाईवर जाणारं हरीण चेहऱ्यानं जरा रांगडंच असायचं.

सगळं सुरू झालं ते रविवारच्या जुन्या बाजारात. बाई छत्रीची काडी बदलून घेत होत्या, तेवढ्यात निरीक्षकांना शेजारच्या पथारीवर कुलपं, चष्मे आणि नळाच्या तोट्यांच्या ढिगात एक पितळी हरीण दिसलं. तीच उडी, तीच पट्टी, तेच ब्रीद. निरीक्षकांच्या एका खिशात डबीसकट वडिलांचा बिल्ला असे, दुसऱ्यात मोजमापाची व्हर्नियरपट्टी आणि सोनाराकडे असतो तसला इवलासा काटा. (बायकोच्या मते माणसानं खिशात रुमाल ठेवावा.) तिथंच उकिडवं बसून त्यांनी दोन्ही बिल्ले मोजले. बाजारातला एक मिलिमीटर मोठा भरला आणि वजनाला सहा ग्रॅम कमी. शिवाय त्याची पाठ पोकळ! पुढून जे हरीण उठून आलेलं, तेच मागून खोल गेलेलं. वडिलांच्या बिल्ल्याची पाठ कशी सपाट, सज्जन.

"बनावट!" निरीक्षक उद्गारले. आठ महिन्यांत प्रथमच त्यांच्या चेहऱ्यावर कचेरीतलं तेज आलं. इतर माणसं खरी वस्तू सापडली की हरखतात. निरीक्षकांचा जन्मच खोटं पकडण्यात गेलेला. त्यांनी तो बिल्ला विकत घेतला, तोही मुद्देमाल म्हणून. घरी येऊन त्याला चिठ्ठी डकवली: 'बनावट. क्रमांक एक.'

बघता बघता चौदा क्रमांक झाले. जिथं तिथं हरणं सापडू लागली आणि सगळी एकजात मोठी, हलकी आणि पोकळ पाठीची निघाली. जगात इतकी लबाडी आहे हे बघून निरीक्षकांना फार बरं वाटलं. अशा रीतीनं ज्याच्या संग्रहात चौदा खोट्या वस्तू आणि एकच खरी आहे, असा एक संग्राहक आपल्या इमारतीत तयार झाला.

यात त्यांची चूक होती असं म्हणणं सोपं आहे. पण त्यांच्या खात्याची रीत लक्षात घ्या. खात्यात काचेच्या पेटीत एक प्रमाण वजन असतं. गावातली सगळी वजनं त्याच्याशी ताडून बघायची. जुळलं तर शिक्का, नाही तर दंड. त्या प्रमाण वजनाचं वजन कुणी करत नाही. तसं करायचं म्हटलं तर खातंच बंद पडेल. निरीक्षकांनी त्याच रीतीनं वडिलांचा बिल्ला 'प्रमाण बिल्ला' ठरवला, वहीत तसा ठराव लिहिला आणि सूचक-अनुमोदक म्हणून दोन्हीकडे स्वतःचीच सही केली.

मध्ये एकदा त्यांनी वाचनालयातून जुन्या लष्करी बिल्ल्यांवरचं जाडजूड पुस्तक आणलं. त्यात लिहिलं होतं की अस्सल बिल्ला पत्र्यावर ठसा दाबून काढतात, त्यामुळे त्याची पाठ पोकळ असते, कडा धारदार असतात, बारीक फटी मोकळ्या असतात. नक्कल असते ती ओतीव. ती अस्सल बिल्ल्याचाच साचा घेऊन ओततात, म्हणून अंगानं जाड, संत्र्याच्या सालीसारखी रवाळ, आणि धातू थंड होताना आक्रसतो म्हणून मुळापेक्षा किंचित लहान. निरीक्षकांनी हे पान दोनदा वाचलं आणि समासात पेन्सिलीनं लिहिलं, 'लेखकाने प्रत्यक्ष बिल्ला पाहिलेला दिसत नाही.' ग्रंथपालांनी त्यांना समोर बसवून तो शेरा खोडरबरानं खोडायला लावला. तेहतीस वर्षं दुसऱ्यांची मापं खोडणाऱ्या माणसाला हा प्रसंग फार लागला. दोन दिवस ते वाचनालयाच्या रस्त्यानं गेले नाहीत.

इमारतीत बातमी पसरल्यावर सल्ल्यांना तोटा उरला नाही. पहिल्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर म्हणाले, "एकदा दवाखान्यात घेऊन या. दाढेचा घेतो तसा मस्त साचा घेतो." तळमजल्यावरच्या शिंप्यानं सांगितलं की बिल्ला नव्हे, टोपीची शिवण तपासा. समोरच्या निवृत्त बाईंनी सोड्याच्या पाण्यात उकळायला सांगितलं, त्यात क्रमांक चारच्या मागच्या दोन्ही कड्या सुटून पातेल्याच्या तळाशी गेल्या आणि ते पातेलं पुन्हा दुधाला वापरायचं की नाही, यावरून घरात तीन दिवस धुसफूस चालली.

मग निरीक्षकांनी दारावर पाटी लावायचं ठरवलं: 'लष्करी बिल्ले तपासून मिळतील. विनामूल्य.' इमारतीच्या सेक्रेटरींनी हरकत घेतली. हा व्यवसाय आहे की छंद? व्यवसाय असेल तर परवानगी नाही. छंद असेल तर पाटी कशाला? नऊ माणसांची सभा दीड तास चालली. शेवटी असं ठरलं की पाटी लावावी, पण दाराच्या आतल्या बाजूनं. त्यामुळे ती निरीक्षकीणबाईंखेरीज कुणाला दिसत नसे. तरी लोक येऊ लागले. कुणी शाळेतल्या मॉनिटरचा बिल्ला आणला, कुणी बसकंडक्टरचा. एक बाई नवऱ्यालाच घेऊन आल्या. म्हणाल्या, "बिल्ला नाही हो आमच्याकडे. हे खरं बोलतात का तेवढं बघा."

निरीक्षक कुणालाच हसून घालवत नसत. प्रत्येकाची वस्तू मोजून, 'नमुना ब' या स्वतः आखलेल्या छापील कागदावर निकाल लिहीत आणि कार्बनप्रत फायलीला लावत. इथवर सगळं ठीक होतं, म्हणजे निदान कुणाचं काही बिघडत नव्हतं.

बिघडलं ते वाचनालयाच्या प्रदर्शनामुळे. वाचनालयाला पंच्याहत्तर वर्षं झाली म्हणून गावकऱ्यांच्या घरातल्या जुन्या वस्तू मांडायच्या ठरल्या. ग्रंथपाल मोठ्या मनाचे. खोडरबराचं प्रकरण विसरून त्यांनीच निरीक्षकांना लष्करी विभाग तपासून द्यायची विनंती केली. मधोमध काचेची एक पेटी, तिच्यात एकच वस्तू: निरीक्षकांच्या वडिलांचा बिल्ला. खाली कार्डावर वडिलांचं नाव. निरीक्षकांनी ते कार्ड स्वतःच्या हातानं लिहिलं. सात कार्डं फुकट गेली. आठव्यावर अक्षर मनासारखं उतरलं तेव्हा त्यांनी बायकोला हाक मारून दाखवलं आणि उगाचच चष्मा पुसला. बाईंनी कार्ड बघितलं, त्यांच्याकडे बघितलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि म्हणाल्या, "चहा ठेवते."

दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरचे बिगुलकाका आले. बिगुलकाका चौऱ्याऐंशी वर्षांचे, पलटणीतले बिगुलवाले, निरीक्षकांच्या वडिलांचे जिवाभावाचे मित्र. निरीक्षकांना त्यांनी कडेवर खेळवलेलं. रोज संध्याकाळी पाच वाजता ते खाली येत, निरीक्षकांशी बुद्धिबळाचा एक डाव हरत आणि "उद्या बघतो तुला," म्हणून जिना चढत. आज ते सकाळीच आले. हातात काड्यापेटी.

"ग्रंथपाल ऐकेचना. म्हणे तुमचाही बिल्ला हवा," काका म्हणाले. "मी म्हटलं राहू दे. तर म्हणे निरीक्षकांचा कागद तेवढा घेऊन या."

काड्यापेटीत हरीण होतं. शिंगं सुटी सुटी, डोळ्यात टिंब, नाकपुडी फुललेली. निरीक्षकांनी ते हातात घेतलं आणि उलटं केलं. पाठ पोकळ. मोजलं. एक मिलिमीटर मोठं. तोललं. सहा ग्रॅम कमी.

स्वयंपाकघराच्या दारात निरीक्षकीणबाई उभ्या होत्या. त्या नवऱ्याच्या पाठीमागून मान हलवत होत्या. नाही, नाही, नाही. पण निरीक्षकांना पाठीला डोळे नव्हते, आणि असते तरी त्यांनी ते नियमाप्रमाणे मिटून घेतले असते. खात्यात असताना त्यांनी सख्ख्या मेहुण्याचा तराजू जप्त केला होता. त्यांनी 'नमुना ब' ओढला, खाली कार्बन सरकवला आणि लिहिलं, 'बनावट.'

"काका, तुमची फसवणूक झालीय," ते शक्य तितक्या मऊ आवाजात म्हणाले. "कुणीतरी तुमचा खरा बदलून हा दिला असणार."

बिगुलकाकांनी कागद लांब धरून वाचला. मग टेबलावरच्या प्रमाण बिल्ल्याकडे पाहिलं. मग निरीक्षकांकडे. "बरं," ते म्हणाले. कागदाची चार घड्यांची घडी करून काड्यापेटीत घातली आणि जिना चढून गेले.

त्या दिवशी पाच वाजता कुणी आलं नाही. निरीक्षकांनी पट मांडून ठेवला, साडेसहाला उचलला. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. आणि घरात त्याहून भयंकर गोष्ट घडली: निरीक्षकीणबाई पुटपुटायच्या थांबल्या. कपाट उघडत, बंद करत, पण आतून शब्द नाही. तीन दिवसांत जळमटं हातभर लांब झाली, तरी नाही. निरीक्षकांना ती शांतता खायला उठली. शेजारीपाजारीही जिन्यात भेटले की हवापाण्याचं बोलून सटकत. दातांच्या डॉक्टरांनी तर त्यांना बघून तोंडच मिटून घेतलं.

चौथ्या दिवशी अक्काचा फोन आला. अक्का म्हणजे निरीक्षकांची नऊ वर्षांनी मोठी बहीण, दोन गल्ल्या सोडून राहणारी.

"काकांना खोटं ठरवलंस म्हणे?"

"काकांना नाही, बिल्ल्याला."

"आधी वर जाऊन माफी माग."

"अक्का, माप चुकत नाही. माफी कशाची मागू?"

"तुझं ना..." अक्का म्हणाली आणि फोन आपटला.

सत्याची बाजू घेणारा माणूस एकटा पडतो, असं निरीक्षकांनी वहीत लिहिलं. मग सगळ्यांची तोंडं एकदाची बंद व्हावीत म्हणून त्यांनी पलटणीच्या संग्रहालयाकडे अधिकृत तपासणीसाठी अर्ज केला. तीन प्रती, सोबत बिल्ल्याचे पासपोर्ट आकाराचे फोटो, पुढून आणि मागून. अर्ज परत आला: फोटोवर अर्जदाराची आडवी सही नाही. सही करून पाठवला. परत आला: सही हरणाच्या तोंडावर आली आहे, ओळख पटत नाही. तिसऱ्यांदा निरीक्षकांनी सही हरणाच्या शेपटीवरून नेली, तेव्हा तो मंजूर झाला आणि प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी संग्रहालयाच्या बाई स्वतः वाचनालयात आल्या. तिशीतल्या, हसऱ्या, गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग.

त्यांनी आधी चौदा 'बनावट' बिल्ले पाहिले. एकेक उलटा करत, भिंगातून बघत त्या दोन ढीग करत गेल्या. "हे तीन खोटे, अलीकडे नव्या ठशावर दाबलेले," त्या म्हणाल्या. "आणि हे अकरा अस्सल. काय सुंदर संग्रह आहे हो तुमचा! पण यांच्यावर अशा चिठ्ठ्या का लावल्यात? चोरांना फसवायला?"

निरीक्षकांनी एक चिठ्ठी नखानं खरवडून काढली. त्यांनी मुकाट्यानं काचेच्या पेटीतला बिल्ला काढून पुढे केला. बाईंनी तो तळहातावर घेतला. भिंगाची गरजच पडली नाही.

"हा ओतीव आहे," त्या हळूच म्हणाल्या. "हे बघा, अंग रवाळ आहे, कडेला कानशीचे ओरखडे आहेत. कुणीतरी हातानं, जीव लावून केलाय. पण नक्कल आहे." मग कार्डावरचं नाव त्यांनी वाचलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "तुमचे वडील का? मला माफ करा हं."

ग्रंथपाल खिडकीतून बाहेर बघू लागले. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

निरीक्षक तडक पोलीस चौकीत गेले. दुसरं काय करतात अशा वेळी? कुणीतरी वडिलांचा खरा बिल्ला पळवून खोटा ठेवला होता, हे उघड होतं. टेबलामागच्या हवालदारांनी कोरा कागद घेतला.

"चोरीला काय गेलं?"

"बिल्ला."

"तुमच्या हातात काय आहे?"

"बिल्ला. पण खोटा."

"बरं. चोरी कधी झाली?"

"माहीत नाही."

"खरा शेवटचा कधी पाहिलात?"

निरीक्षक आठवू लागले. आठवणीत जितकं मागं जावं तितकं हेच हरीण. पितळी, जाडं, शेळीच्या तोंडाचं. वडिलांच्या टोपीवर हेच. शाळेत असताना वडिलांच्या मांडीवर बसून ज्याच्यावर बोट फिरवलं तेही हेच.

"पाहिलाच नाही म्हणा की," हवालदार म्हणाले आणि कोरा कागद पुन्हा गठ्ठ्यात ठेवला. "साहेब, न पाहिलेल्या वस्तूची तक्रार घेता येत नाही. घरातलं कुणी वडीलधारं असेल ज्यानं खरा पाहिलाय, त्याला घेऊन या."

चौकीची पायरी उतरताना निरीक्षकांच्या मनात तो विचार आला. इतका वेळ तो दाराबाहेर उभा होता, आता आत येऊन बसला. खरा बिल्ला कधी नव्हताच, तर? पलटणीत ज्याला मिळतो त्याला खरा मिळतो. ज्याला मिळत नाही, तो ओतून घेतो. मग बाबा...? त्या टोपीचं काय? त्या गोष्टींचं काय? निरीक्षकांनी आयुष्यात हजारो तराजू उलटे करून बघितले होते. वडिलांना उलटं करून बघायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. घरापर्यंतचं अंतर सात मिनिटांचं. त्यांना पाऊण तास लागला.

आपल्या मजल्यावर न थांबता ते थेट वर गेले. बिगुलकाकांचं दार उघडंच होतं. एक खोली, एक खाट, भिंतीवर खिळ्याला टांगलेला बिगुल. खाटेवर काका. खुर्चीवर अक्का. जमिनीवर, चहाचे कप घेऊन, निरीक्षकीणबाई. ग्रंथपालांनी फोन केला असणार. निरीक्षकांना बघताच तिघांनीही तीन वेगवेगळ्या दिशांना बघितलं.

"काका, मी नमुना ब रद्द करायला आलोय," निरीक्षक म्हणाले. "रद्द करायचा नमुना माझ्याकडे नाही. तोंडीच करतो. चुकलो मी. तुमचा अस्सल आहे."

"बस," काका म्हणाले. "चहा घे."

"तुमचा बिल्ला बघू एकदा."

"कशाला आता? झालं ना सगळं?" काका गडबडीनं म्हणाले आणि काड्यापेटी उशीखाली सरकवू लागले. पण निरीक्षकांच्या नजरेतून तेहतीस वर्षांत उशीखाली सरकवलेलं एकही माप सुटलं नव्हतं. त्यांनी काड्यापेटी घेतली आणि दोन्ही हरणं खाटेवर शेजारी शेजारी ठेवली.

काकांच्या हरणाच्या मागच्या पायावर एक बारीक पोचा होता.

"हा कसला?"

"बिगुल पडला होता एकदा खिळ्यावरून. टोपी खाली होती. जुनी गोष्ट आहे."

निरीक्षकांनी बोटानं वडिलांच्या हरणाचा मागचा पाय चाचपला. तिथंही पोचा होता. त्याच जागी, तसाच, पण गुळगुळीत. ठोकर लागून पडलेला नव्हे, धातूबरोबर ओतलेला. एक बिगुल दोन टोप्यांवर एकाच जागी पडत नाही.

"हा तुमच्या बिल्ल्यावरून ओतलाय," ते म्हणाले. त्यांचा आवाज त्यांनाच परका वाटला. "म्हणजे बाबांकडे बिल्ला नव्हता. बाबा पलटणीत नव्हतेच. होय ना? तुमच्या ओळखीवर... सगळ्यांना माहीत होतं. मी एकटाच मूर्ख, खोट्या माणसाचं नाव कार्डावर सुबक अक्षरात..."

"तोंड सांभाळ!" चौऱ्याऐंशी वर्षांच्या छातीतून असा आवाज निघाला की भिंतीवरचा बिगुल किणकिणला. "पहाटे मी बिगुल तोंडाला लावायच्या आत जो टोपी घालून उभा असायचा, तो तुझा बाप! त्याच्या नावावर एक अक्षर बोलशील तर..."

"मग हा काय आहे?" निरीक्षकांनी बिल्ला पुढे केला. "सांगा ना. हा काय आहे?"

काकांनी अक्काकडे बघितलं. "मी शब्द दिलाय त्याला," ते पुटपुटले. निरीक्षकीणबाई कपातल्या सायीकडे बघत म्हणाल्या, "मलासुद्धा लग्नाच्या आठव्या दिवशी शपथ घातलीय अक्कांनी."

"अहो, पण कसली?" निरीक्षक जवळजवळ रडायला आले.

अक्कानं कप खाली ठेवला. पदरानं हात पुसले. मग साठीला आलेल्या भावाचा हात धरून त्याला खाटेवर स्वतःशेजारी बसवलं, जसं लहानपणी पाढे घ्यायला बसवत असे.

"खरा तूच घालवलास," ती म्हणाली. "पाच वर्षांचा होतास. आई भंगारवाल्याला गळका हंडा घालत होती. त्याचा तराजू हातातला होता, काटा काही मधोमध येईना. तो म्हणाला, थोडंसं कमी पडतंय. तू आत पळालास, बाबांच्या टोपीवरचं हरीण काढून आणलंस आणि गुपचूप पारड्यात टाकलंस. काटा बरोबर मधोमध आला. तू टाळ्या पिटल्यास. आईला वाटलं, पोर खूश आहे. भंगारवाला गेला."

निरीक्षकांनी मूठ उघडून हरणाकडे पाहिलं.

"संध्याकाळी तूच बाबांना सांगितलंस, 'मी काटा सरळ केला.' बाबा रागावले नाहीत रे. पण हरीण परत येणार नाही हे कळल्यावर तू असा रडलास की अंगात ताप भरला. निवृत्त माणसाला पलटण काही दुसरा बिल्ला देत नाही. मग काकांनी टोपीवरचा स्वतःचा काढून दिला, दोघं मिळून ओताऱ्याकडे गेले आणि चौथ्या दिवशी बाबांनी हे तुझ्या हातात ठेवलं. 'बघ, आलं परत.' तू बराच वेळ बघत राहिलास. म्हणालास, 'याचं तोंड असं का झालंय?' तर बाबा म्हणाले, 'लांबून चालत आलंय, दमलंय.'"

बिगुलकाका बिगुलाकडे बघत होते. निरीक्षकांच्या तळहातावरचं हरीण धूसर झालं होतं.

"शेवटपर्यंत त्यांनी तेच लावलं टोपीला," अक्का म्हणाली. "मी तेव्हाच म्हटलं होतं, बाबा, कधीतरी कळेल त्याला. तर हसून मला म्हणाले, कसं कळेल? मोठा होऊन तो काय खरं-खोटं तपासायच्या खात्यात लागणार आहे?"